सिलासमास्तरांचा डबा

सिलासमास्तर चर्चच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं, ही बातमी आली तेव्हा मी मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसले होते. मला हसू आलं. ओठातल्या ओठात नव्हे, चांगलं खळखळून आलं. बातमी सांगायला आलेल्या बाईंना वाटलं, पोरीला धक्का बसलाय. आईला मात्र बरोबर कळलं. तिने बाईंना चहा दिला, त्यांची बोळवण केली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "झालं हसून? आता ते बांगडे नीट धू." माझ्या वयाच्या बायकांनी असल्या आठवणी गोड करून सांगाव्यात अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते जमत नाही. मास्तर पडले याचा मला तेव्हा आनंद झाला होता आणि आज आठवूनही थोडा होतो. का होतो ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

आमचं घर खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. जांभ्या दगडाचं, तीन खोल्यांचं, पुढे ओटी आणि मागे पडवी. बाबा रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून भाट्याला नारळाच्या बागेत कामाला जात. रोपं तयार करायची, कोणत्या माडाचा नारळ बियाण्याला ठेवायचा ते ठरवायचं, कीड बघायची, असलं त्यांचं काम. घरात पैशाला तोटा असला तरी नारळाला नव्हता. पहाटे डोळा उघडायचा तो आईच्या खवणीच्या आवाजाने. त्या आवाजावरून मी आणि समू, माझा धाकटा भाऊ, अंथरुणातच ओळखायचो की आज घावनांबरोबर नारळाचा रस आहे की नुसती चटणी. रस असेल तर खवणी बराच वेळ चालायची, आणि समू त्या आशेने पांघरुणात हळूच हसायचा.

दुसरा आवाज पेटीचा. पेटी चर्चची, पण चर्चमध्ये ठेवली तर समुद्राच्या खाऱ्या हवेने तिचे सूर बसतात, म्हणून ती आमच्या ओटीवर कापडात गुंडाळलेली असायची. शनिवारी संध्याकाळी बाबा ती काढायचे आणि रविवारची गीतं बसवायचे. आमची मंडळी लहान, सगळी मिळून वीस-पंचवीस घरं, तीही शहरभर विखुरलेली. गाणारे थोडे आणि सुरात गाणारे त्याहून थोडे. पण बाबांनी पेटीवर बोटं ठेवली की बेसूर माणूससुद्धा वाटेवर यायचा. गाताना बाबा डोळे मिटत नसत. समोरच्या माणसांकडे बघून गात, एखाद्याला हाक मारावी तसे. गल्लीतली माणसं शनिवारी आपापल्या ओटीवर येऊन बसत. सगळ्यात आधी यायच्या शेजारच्या माई.

माईंच्या अंगणात हापूसची आठ-दहा जुनी कलमं होती. दोन्ही मुली लग्न होऊन मुंबईला गेलेल्या, यजमान दिवसभर बागेच्या आणि बाजाराच्या धावपळीत. समू रांगता झाल्यापासून त्यांच्याच घरात जास्त असायचा. त्यांच्या देवघरासमोर बसून तो आमची चर्चमधली गाणी म्हणायचा आणि माई वाती वळता वळता ऐकायच्या. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माई आईला म्हणायच्या, "तुझा हा पोरगा गातो बरा गो, पण देवाचं नाव चुकवतो," आणि दोघी हसायच्या.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी समूला टायफॉइड झाला. आधी साधा ताप वाटला, मग तो उतरेनाच. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन जात आणि जाताना बाबांना अंगणात घेऊन बोलत. आईने चुलीवर पेजेशिवाय काही चढवलं नाही. मंडळीतली माणसं येऊन प्रार्थना करून गेली, त्यात सिलासमास्तरही होते. हे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा मुंबईला. मंडळीचे पाच पंच होते, त्यांतले सर्वांत जुने. बाबांचे लहानपणापासूनचे स्नेही. बाबांच्या आधी पेटी तेच वाजवत, वाईट वाजवत, आणि पेटी बाबांकडे आली हे त्यांना कधीच पचलं नव्हतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईला माहीत होतं.

एके दुपारी समूला घाम फुटला आणि ताप उतरला. त्याने आईकडे खायला मागितलं. आई रडतही होती आणि पेज गाळतही होती. तेवढ्यात दारात माई उभ्या राहिल्या. चेहरा उन्हाने लालबुंद झालेला, पायात काही नाही. त्या अनवाणी गावच्या देवीला गेल्या होत्या, भर दुपारी, कातळाच्या तापलेल्या सड्यावरून. समूसाठी देवीपुढे गाऱ्हाणं घालून, नारळ फोडून आल्या होत्या. एक वाटी देवीला ठेवली, दुसरी आमच्यासाठी आणली, तिच्यावर कुंकू होतं. "देवीनं ऐकलान गो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं तिला, पोरगा त्यांचा असला तरी खेळतो माझ्या अंगणात. तू बघ." आणि बाबांच्या हातात त्यांनी ती वाटी ठेवली. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. माईंचे तळपाय भाजले होते. आईने त्यांना ओटीवर बसवून पायांवर पाणी घातलं.

नेमके त्याच वेळी सिलासमास्तर समूला बघायला फाटकातून आत आले. त्यांनी बाबांच्या हातातली वाटी बघितली, तिच्यावरचं कुंकू बघितलं, माईंना बघितलं. समूची चौकशी केली, प्रार्थना केली, आणि गेले. आईने ती वाटी संध्याकाळच्या आमटीत खवून टाकली. आम्ही सगळे जेवलो. ते जेवण मला अजून आठवतं, कारण कितीतरी दिवसांनी आमच्या घरात कोणी पोटभर जेवत होतं.

पुढच्याच आठवड्यात पंचांची बैठक झाली. परक्या देवाला गाऱ्हाणं घालून आणलेला प्रसाद घरात घेतला, असा मास्तरांनी बाबांवर आरोप ठेवला. बाबांना विचारलं, "घेतलात?" बाबा म्हणाले, "घेतला." "नको म्हणालात का?" "नाही." "का नाही?" यावर बाबा म्हणाले, "बाई अनवाणी आली होती. तिला मी दारातून परत पाठवायला हवं होतं का?" मास्तर म्हणाले, "हे उत्तर नव्हे." पंचांनी ठरवलं की बाबांनी मंडळीसमोर उभं राहून माफी मागावी, तोवर त्यांना प्रभुभोजन नाही, म्हणजे चर्चमध्ये वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस नाही, पेटी नाही, बसायचं ते मागच्या बाकावर. प्रभुभोजन देणारे पाळकसाहेब महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी येत. त्यांच्या कानावर घातलं तेव्हा त्यांनीही मान हलवली. पंचांच्या विरुद्ध जाण्याइतका त्यांचा पाय अजून रोवलेला नव्हता.

बाबांना माफीचे दोन शब्द बोलणं जड नव्हतं. पण माफी मागायची म्हणजे माईंनी केलं ते पाप होतं असं कबूल करायचं. ते त्यांनी केलं नाही. आणि यात माईंचा काही संबंध आहे हे त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, अशी आम्हाला ताकीद दिली. शनिवारी ओटीवर शांतता पसरायला लागली. दोन-तीन आठवडे झाल्यावर माईंनी मला फाटकाशी गाठून विचारलं, "तुझ्या बापाची पेटी का गो ऐकू येत नाय?" मी म्हटलं, "सूर बिघडलेत, दुरुस्तीला गेल्येय." पेटी मास्तरांच्या घरी गेली होती. रविवारी ते ती वाजवत आणि गाणं पुढे निघून गेल्यावर मागून पोचत.

बाबा दर रविवारी पांढरा सदरा घालून चर्चला यायचे आणि मागच्या बाकावर बसायचे. पहिल्या रविवारी भाकर फिरायच्या आधी सर्वजण पुढे सरकत आणि तो बाक रिकामा व्हायचा, बाबा सोडून. प्रभुभोजनाच्या ज्या टेबलाशी त्यांचं इतक्या वर्षांचं येणंजाणं, तिथे आता त्यांना जागा नव्हती. प्रभुभोजन घ्यायचा हक्क देणारं माझं दृढीकरण त्याच वर्षी झालं होतं. म्हणजे मी जाऊ शकत होते आणि माझे बाबा नाही. मी भाकर तोंडात घ्यायचे आणि ती घशाखाली उतरेपर्यंत मास्तरांच्या मानेकडे बघायचे. मी काय काय मागितलं आहे देवाकडे त्या दिवसांत! मास्तरांचे दात पडोत, पेटीला वाळवी लागो, मुंबईचा मुलगा त्यांना विसरो. मुलगा तसा विसरलाच होता, पण त्याचं श्रेय मला घेता येत नाही.

तर पावसाळा संपता संपता मास्तर चर्चच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. हाड मोडलं, आणि ते घरी खाटेवर पडले. पहिले काही दिवस मंडळीतल्या बायकांनी जेवण पाठवलं, मग एकेक करून थांबल्या. कारण मास्तर प्रत्येकीच्या भाजीत खोट काढत. एका सकाळी आईने चार पुडांचा डबा काढून घासला. "मास्तरांना नेऊन दे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मेले तरी देणार नाही."

"ते मरतील, तू कशाला मरतेस?" आई म्हणाली. मग जरा आवाज खाली आणून तिने मला शास्त्रातली ती शिकवण सांगितली, की वैरी उपाशी असेल तर त्याला जेवू घालावं, त्याने त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांचा ढीग पडतो.

मी विचारलं, "खरेच निखारे?"

"खरेच," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते धर्मप्रेम नव्हतं. माझी आई फार भली बाई होती असं लोक म्हणतात. होतीच. पण तिच्या भलेपणाला धार होती, आणि ती कुठे लावायची ते तिला कळायचं.

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांत चांगलं जेवण सिलासमास्तरांसाठी रांधलं जाऊ लागलं. पापलेट आलं तर मधला तुकडा त्यांना. तांदळाच्या भाकऱ्या मऊसूत, पापुद्रा सुटलेल्या. सोलकढी गाळून. आणि कालवणात मिरची रोज थोडी थोडी वाढत गेली. मी बघायचे, आई मूठ भरायची, थांबायची, आणि आणखी दोन मिरच्या टाकायची. "निखारे जरा फुलवते," असं एकदा म्हणालीसुद्धा. बाबा समोर बसून जेवत होते. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की त्यांना हसू येतंय. किती महिन्यांनी.

मी डबा घेऊन जायचे, खाटेशेजारी स्टुलावर उघडून ठेवायचे आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायचे. मास्तर जेवताना मी त्यांच्या टकलाकडे बघायचे. तिखटाने त्यावर घाम फुटायचा, थेंब थेंब गोळा व्हायचा, आणि मला वाटायचं, आता पेटलं. पण मास्तर टॉवेलने टक्कल पुसायचे, बोटं चाटायचे आणि म्हणायचे, "आईला सांग, चांगलं झालं होतं." एवढंच. रोज एवढंच. समू कसा आहे म्हणून विचारलं नाही, बाबांचं नाव काढलं नाही. पेटी त्यांच्या खाटेखाली होती, कापड न घालता ठेवलेली. एका बाजूचं लाकूड फुगायला लागलेलं मला दिसायचं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. देवाचे निखारे या माणसावर चालत नाहीत अशी माझी खात्री झाली, आणि मी माझा मार्ग शोधला.

नवरात्र आलं. माईंनी समूसाठी देवीला काही बोलून ठेवलं असावं, कारण त्या पुन्हा जाऊन आल्या आणि पुन्हा नारळाची एक वाटी आणून आईच्या हातात दिली. कुंकू लावलेलीच. आईने ती शिंकाळ्यात ठेवली. दुपारी आई विहिरीवर धुणं घेऊन गेली तेव्हा मी ती काढली. कुंकू पदराने पुसलं, खोबरं खवलं, साखर घालून मंद आचेवर घोटलं, ताटलीला तूप लावून वड्या थापल्या. वेलची घातली. आयुष्यात मी तितक्या मन लावून दुसरा पदार्थ केलेला नाही. वड्या अशा पडल्या होत्या की हलवायाने बघून घ्याव्यात. संध्याकाळच्या डब्यात, वरच्या पुडात, मी त्या मांडल्या.

मास्तरांनी वरचा पूड उघडला आणि बराच वेळ बघत राहिले. मग एक वडी उचलली, खाल्ली. मग दुसरी. तिसरी खाताना ते भिंतीकडे बघत होते. उरलेल्या त्यांनी ताटलीखाली झाकून ठेवल्या आणि नेहमीचं "आईला सांग" हे म्हणायला विसरले. मी रस्ताभर उड्या मारत आले. ज्या गोष्टीसाठी माझ्या बाबांना मागच्या बाकावर बसवलं, तीच गोष्ट या माणसाच्या पोटात होती, वेलचीसकट. आता मला फक्त पहिल्या रविवारची वाट बघायची होती.

प्रभुभोजनाच्या आधी आमच्याकडे पाळकसाहेब विचारतात, की कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल तर त्याने ते आधी मिटवावं, मग या टेबलाशी यावं. विचारायचं म्हणून विचारतात. माणसं माना खाली घालून थोडा वेळ थांबतात, कोणीतरी खोकतं, आणि पुढचं सुरू होतं. त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेलं मंडळीतल्या म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. त्या रविवारी मास्तर पहिल्यांदाच काठी टेकत आले होते. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची मांडली होती. बाबा मागे, त्यांच्या बाकावर. पाळकसाहेबांनी विचारलं, माना खाली गेल्या, आणि मी उभी राहिले.

"सिलासमास्तरांनी देवीचा प्रसाद खाल्लाय," मी म्हटलं. "माईंनी आणलेला. मी वड्या करून डब्यातून दिला. तीन तर माझ्यासमोर खाल्ल्या. बाबांना जागा नसेल तर त्यांनाही नाही."

आईने माझ्या पदराला हिसका दिला. मी बसले नाही. पंचांची कुजबुज सुरू झाली. त्यांतले एक उठून म्हणाले की, माणसाने नकळत खाल्लं तर त्यात त्याचा दोष काय, दोष असला तर फसवून खायला घालणाऱ्या मुलीचा. दोघातिघांनी माना डोलावल्या. हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस मनात घोळवलेला डाव, आणि त्याला एवढं मोठं भगदाड! मास्तर सुटणार, बाबा मागेच राहणार, आणि वर माझं नाव पापी म्हणून लागणार. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी मागे वळून बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता म्हणून मला जास्तच रडू येत होतं.

"नकळत नाही," मास्तर म्हणाले.

पाळकसाहेबांनी विचारलं, "म्हणजे?"

मास्तर खुर्चीचा हात धरून उठायचा प्रयत्न करत होते. "नकळत नाही खाल्लं. वडीत कुंकवाचा लाल कण होता. नवरात्र चालू होतं. मला कळलं कोणाचा नारळ ते." त्यांनी काठी सावरली. "बायको गेल्यापासून माझ्या घरात कोणी गोड करून दिलं नव्हतं. पोरीने केल्या होत्या. नको म्हणवलं नाही."

मास्तर काठी टेकत, एकेक बाक धरत मागे निघाले. सगळी मंडळी वळून बघत होती. ते मागच्या बाकापर्यंत आले आणि बाबांच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसले. काठी पायांमध्ये उभी धरली. बाबांकडे बघितलं नाही.

लोकांना वाटतं की अशा क्षणी मन विरघळतं. माझं मुळीच विरघळलं नाही. मला संताप आला. त्यांना ओढून खाली पाडायला मी आले होते, आणि हा म्हातारा आपण होऊन खाली उतरला, तोही इतक्या साधेपणाने की सगळ्या बायका पदराने डोळे टिपायला लागल्या. माझा सूड त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला होता. पेटी बळकावली तसाच.

पाळकसाहेबांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. मग त्यांनी पंचांकडे न बघता मागच्या बाकाकडे बघून म्हटलं, "दोघेही या." पंचांतला कोणीतरी उठू लागला. पाळकसाहेब म्हणाले, "बसा." इतक्या दिवसांनी त्यांचा पाय एकदाचा रोवला गेला. बाबा उठले. मला वाटलं, आता ते एकटे ताठ मानेने पुढे जातील, पांढऱ्या सदऱ्यात, सगळ्यांच्या मधून, आणि मास्तर मागे लंगडत येतील. निदान एवढं तरी मला बघायला मिळावं असं मी मनात म्हटलं. बाबा वळले, मास्तरांच्या बगलेत हात घातला आणि त्यांना उठवलं. दोघे बाकांच्या मधून हळूहळू आले, मास्तर पाय टाकतील त्या चालीने. माझ्या बाकाजवळून गेले. मास्तरांच्या अंगाला माझ्या आईने पायाला चोळायला पाठवलेल्या तेलाचा वास येत होता.

सगळे पुढे जाऊ लागल्यावर पाळकसाहेबांची नजर माझ्यावर आली. मी अजून उभीच होते. "बाळ, तुझं? आता मनात काही राहिलंय का?"

त्या प्रश्नाला "नाही" म्हणायला एक क्षण पुरला असता. सगळे तेच म्हणत होते, न बोलता. पण मी नुकतीच सगळ्या मंडळीसमोर खरं बोलायला उभी राहिले होते, आणि आता लगेच खोटं कसं बोलू? "राहिलंय," मी म्हटलं. आणि जाऊन मागच्या बाकावर बसले. आई माझ्याकडे बघत बघत पुढे गेली. भाकर फिरली. बाबांनी घेतली, मास्तरांनी घेतली, मी लांबून बघत होते. बाक अजून त्या दोघांच्या अंगाने गरम होता.

घरी जाताना मी बाबांशी बोलत नव्हते. खाडीकडच्या उतारावर आल्यावर न राहवून विचारलं, "त्यांचा हात का धरलात तुम्ही?"

"बाय, त्याला चालता येत नव्हतं," बाबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. पुढच्या शनिवारी त्यांनी मास्तरांच्या घरून पेटी आणली, फुगलेलं लाकूड तासून घेतलं, आणि माई ओटीवर येऊन बसल्या. "झाली काय रे दुरुस्त एकदाची?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "झाली." मास्तर शेवटपर्यंत बाबांचे स्नेही राहिले. त्यांची माती झाली तेव्हा गीत बाबांनीच म्हटलं, आणि चांगलं म्हटलं. मी गेले होते. फूल टाकलं नाही.

माईंची कलमं तोडून तिथे इमारत झाली, तिच्या दुसऱ्या मजल्यावर आता मी राहते. आई-बाबांकडून मी पुष्कळ शिकले असं मी लोकांना सांगते, आणि ते खरं आहे. वैऱ्याला जेवू घालायला मी आईकडून शिकले. पडणाऱ्याला धरायला बाबांकडून. हात ती दोन्ही कामं करतात. मन त्यांच्याबरोबर जातंच असं नाही. दर पहिल्या रविवारी तो प्रश्न येतो, आणि मी खरोखर आत डोकावून बघते. एखाद्या महिन्यात मास्तर आठवत नाहीत, तेव्हा पुढे जाते. पुष्कळदा मागच्या बाकावरचा पांढरा सदरा आठवतो, आणि मी बसून राहते.

मागच्या महिन्यात आमचे नवे पाळकसाहेब घरी आले होते. तरुण आहे पोरगा, माझ्या नातवाच्या वयाचा, मनाचा सरळ. घावन आणि रस दिला, आवडीने खाल्ला. हात धुऊन झाल्यावर जरा संकोचून म्हणाला, "आजी, तुम्ही प्रभुभोजनाला कधी येता, कधी बसून राहता. कोणाविषयी काही मनात असेल तर मला सांगा. आपण दोघे त्यांच्या घरी जाऊ. मी बोलतो त्यांच्याशी."

मी म्हटलं, "ते वारले. कधीच."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग मिटलंच की, आजी."

"त्यांचं मिटलं," मी म्हटलं. "मी आहे अजून."